भीमथडी घोडीचा चेहरा

भीमथडीच्या तट्टांचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्याही तोंडी असते, कारण राजा बढे यांच्या ज्या गीताला 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीताचा मान मिळाला त्या गीतातच ते आले आहे. परंतु त्या नावाची जनावरे आजही हयात आहेत, आणि पुणे, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील मेंढपाळ धनगरांच्या संसाराचे ओझे पाठीवर घेऊन वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस मुलूखभर चालत असतात, याची जाणीव ते गीत उभे राहून म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते. या घोड्यांस सरकारदरबारी स्वतंत्र वंश म्हणून मान्यता मिळाल्याची वार्ता आली तेव्हा संपादकांनी मला एवढेच विचारले, की मान्यता मिळाली म्हणजे नेमके काय घडले. प्रश्न साधा होता. पण त्याच्या उत्तरासाठी दफ्तरापासून पालापर्यंत जावे लागले.

दफ्तराचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1984 साली स्थापन झालेली, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था देशातील पाळीव जनावरांच्या वंशांची नोंद ठेवते. या नोंदणीची रीतसर पद्धत 2007 च्या सुमारास बसली आणि 2019 पासून नोंदलेले वंश राजपत्रात प्रसिद्ध होऊ लागले. घोड्यांपुरते बोलायचे तर मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भूतिया, स्पीती आणि झंस्कारी या सातांनंतर भीमथडी हा आठवा. अर्जदाराने त्या वंशाचा प्रदेश, त्याची संख्या, त्याची बाह्यलक्षणे व मोजमापे, त्याचा उपयोग, आणि शेजारच्या वंशांहून तो भिन्न असल्याचे प्रमाण सादर करावयाचे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या समितीने ते तपासावयाचे. आणि पसंत पडल्यास देश, प्राणी, राज्य व वंश यांचा बोध करून देणारा एक क्रमांक द्यावयाचा, असा हा शिरस्ता आहे.

हा क्रमांक वंशाला मिळतो, घोडीला मिळत नाही, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. राजपत्राने भीमथडी नावाचा वंश आहे असे सांगितले. समोर खुंट्याला बांधलेली ही विशिष्ट घोडी त्या वंशाची आहे किंवा नाही, हे सांगण्यासाठी दुसरी वही लागते, आणि खरे अवघड काम त्या दुसऱ्या वहीचे आहे.

घोड्याची लेखी ओळख ठेवण्याची कल्पना आपल्या भूमीत नवी नाही. अल्लाउद्दीन खिलजीने लष्करी घोड्यांस डाग देण्याची पद्धत सुरू केली आणि सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकात अकबराने तिचे पुनरुज्जीवन केले. मनसबदाराने हजिरीच्या दिवशी उसनी अथवा निकामी जनावरे उभी करून सरकारी पैका उचलू नये म्हणून जनावराच्या अंगावर डाग आणि दफ्तरात त्याचा ‘चेहरा’, म्हणजे रंगाचे व खुणांचे वर्णन, अशी ती दुहेरी तजवीज होती. मराठी फौजेतही घोडा पागेचा की शिलेदाराचा, हा हिशेबातील पहिला प्रश्न असे. परंतु या साऱ्या दफ्तरांचा रोख घोडा कोणाचा, तो पदरी खरोखर आहे किंवा नाही, एवढ्यापुरताच होता. घोड्याचे आईबाप कोण, हे विचारणारी वही इंग्लंडात जेम्स वेदर्बी याने 1791 साली प्रथम छापली, आणि शर्यतीच्या घोड्यांच्या जगभरच्या वंशावळी तिच्यातून निघाल्या.

हे सारे वाचून मी नीरेकाठच्या एका धनगरवाड्यावर गेलो. तेथे एक पशुवैद्य घोड्या मोजत होते, आणि त्यांचे काम पाहता पाहता दुपार कधी टळली हे कळले नाही. उंची मोजण्याची त्यांची काठी मजबूत असून तिच्या आडव्या भुजेत पाणसळीची नळी बसविलेली होती. घोडी सपाट जमिनीवर, पुढचे दोन्ही पाय जुळवून, मान सहज ठेवून उभी राहिली पाहिजे, तरच माप खरे. आणि पालाभोवतीच्या ढेकळांच्या रानात सपाट जमीन हीच दुर्मिळ वस्तू असल्याने प्रत्येक घोडीसाठी आधी फावड्याने हातभर जागा सारखी करावी लागे. मग छातीचा घेर, अंगाची लांबी, चेहऱ्याची व कानाची लांबी, पायाच्या नळीचा घेर, अशी एकेक मापे ते शांतपणे घेत आणि पुन्हा घेत. जन्माचा दाखला नाही म्हणून वय दातांवरून ठरे: समोरचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास, त्यालगतचे साडेतीनच्या आणि कोपऱ्यांतले साडेचारच्या सुमारास पडून पक्के दात येतात व पाचव्या वर्षी तोंड भरते, हे त्यामागचे गणित.

माझे लक्ष मात्र वेधून घेतले ते भोवऱ्यांनी. नोंदीच्या कागदावर घोड्याची उजवी बाजू, डावी बाजू, तोंड, मान व पाय यांची कोरी रेखाचित्रे छापलेली असतात. त्यांवर पांढरे पट्टे, टिळा व पायांचा पांढरेपणा तांबड्या शाईने आणि अंगावरचे भोवरे काळ्या फुलीने दाखवावयाचे, असा जगन्मान्य प्रघात आहे. भोवरा जन्मतः जेथे असतो तेथेच मरेपर्यंत राहतो. घोडी हडकली, माजली, तिचा रंग उन्हाने उतरला तरी तो जागा सोडीत नाही. म्हणून एकरंगी जनावराची ओळख पटविण्यास त्याच्याइतका भरवशाचा साक्षी नाही. आपल्या पूर्वजांनीही हे भोवरे इतक्याच बारकाईने पाहिले होते. गळ्यावरचा देवमणी शुभ, डोळ्यांखाली भोवरा असलेला आसूढाळ घोडा घरात नको, ही परीक्षा महाराष्ट्रातील घोडेवाल्यांस अजूनही मुखोद्गत असते. शुभाशुभावर माझा विश्वास नाही. परंतु शेकडो वर्षे घोड्याच्या अंगावरचा केसाचा प्रत्येक पिळा पाहावयास शिकलेली ती दृष्टी हे फार मोठे धन आहे, असे मला त्या दुपारी तीव्रतेने वाटले. पशुवैद्यांच्या नजरेतून निसटलेला कानामागचा एक भोवरा वाड्यातील वृद्ध बाईंनी बोट ठेवून दाखविला. घोडीवर पाल, भांडी, धान्य, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरे लादण्याचे काम बायकांचे असल्याने या बाईंस आपल्या घोडीची आई, आजी व पणजी रंगासकट आणि स्वभावासकट सांगता येत होत्या. बापाचे विचारले तेव्हा त्या अवघडल्या. वाडे वाटेत एकत्र उतरतात, शिंगरे मोकळी हिंडतात, आणि कोणता घोडा केव्हा घोडीपाशी आला हे कोणी पाहिलेले नसते.

वहीच्या नियमांची पहिली अडचण ही अशी येथेच उभी राहते. पुण्यात शर्यतीच्या घोड्यांच्या भारतीय वंशावळीची कचेरी आहे. तेथे मातापिता दोघेही आधीच नोंदलेले असल्यावाचून शिंगराचे नाव चढत नाही, कृत्रिम रेतनास मज्जाव आहे, आणि आनुवंशिक तपासणीने पितृत्व सिद्ध करावे लागते. तो बंद दरवाजाचा नियम भीमथडीस लावला तर वहीचे पहिले पानही भरणार नाही. आयाळीचे मुळासकट उपटलेले केस तपासून बाप ओळखता येतो हे खरे. पण त्यासाठी बापाचेही केस आधी दफ्तरात असावे लागतात. मारवाडी घोड्यांच्या नोंदणीत पत्करलेला मार्ग येथे अधिक उपयोगी आहे: परीक्षकांनी जनावर प्रत्यक्ष पाहून वंशलक्षणांशी ताडावे, मापे व खुणा टिपाव्या, छायाचित्र घ्यावे, आणि अतिशीत केलेल्या धातूच्या ठशाने क्रमांक उमटवावा. अशा ठशाने कातडी भाजत नाही. केसाचा रंग तेवढा मरतो आणि त्या जागी पांढरे केस उगवतात.

परंतु डोळ्यांनी पारखून नोंद करावयाची म्हटले की परीक्षकाच्या डोळ्यांना कशाची सवय आहे हा प्रश्न येतो, आणि माझी मोठी काळजी हीच आहे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत, माळेगावच्या खंडोबापाशी किंवा अकलूजच्या बाजारात किंमत येते ती उंच, उमद्या, कानाचे टोक कानाला भिडविणाऱ्या मारवाडी घोड्याला. आपल्या घोड्यांची उंची वाढावी म्हणून त्यांच्यात परके रक्त घालण्याचा मोह पालकाला होणारच. त्यातून निपजलेले देखणे जनावर परीक्षकापुढे आले, आणि त्याने त्याच्या देखणेपणाला भुलून पसंतीची सही केली, तर वंशरक्षणासाठी उघडलेली वहीच वंशनाशाचे साधन होईल. भीमथडीचे गुण प्रदर्शनाच्या रिंगणात दिसणारे नव्हेत. थोड्या चाऱ्यावर राहणे, खडकाळ वाटेवर टापा शाबूत ठेवणे, ओझ्याखाली घाट चढणे, आणि मुलाबाळांत शांत उभे राहणे, हे गुण काठीने मोजता येत नाहीत. ते ठाऊक असतात वाड्याला. म्हणून लक्षणांच्या तक्त्याइतकेच वजन वाड्याच्या साक्षीला मिळावे, असा नियम झाला पाहिजे.

दुसरे भय रोगाचे. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा घातक रोग माणसालाही होतो, आणि त्याची बाधा सिद्ध झाल्यास कायद्याने जनावर ठार करावे लागते. नियम रास्तच आहे. पण नोंदणीसाठी आलेला माणूस सुई काढून रक्त मागू लागला की, आपली घोडी हा घेऊन जाणार, असे धनगराला वाटते आणि तो दुसऱ्या दिवशी वाडा हलवितो. भरपाई काय मिळेल, केव्हा मिळेल, हे रक्त घेण्यापूर्वी त्याला सांगितले पाहिजे.

या सर्वांहून मोठी गोष्ट ही, की घोड्याची गरजच सरत चालली आहे. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील घोडे व तट्टे सव्वासहा लाखांवरून सुमारे 3 लाख 40 हजारांवर आली. म्हणजे निम्म्याच्या जवळपास नाहीशी झाली. सामान टेम्पोत घालून पुढच्या मुक्कामी पाठविणारे वाडे आता वाटेवर दिसतात. ज्या बाईंनी मला चार पिढ्यांच्या घोड्या सांगितल्या त्यांच्या नातवंडांच्या हाती पुढे लगाम असेल असे गृहीत धरून चालणार नाही, आणि त्यांची आठवण कोणत्याही कागदावर उतरलेली नाही.

तेव्हा ज्यांच्या हाती या वहीचे नियम आहेत त्यांस माझी विनंती आहे, की पहिली पिढी तरी केवळ आईच्या वंशावर नोंदवावी, बापाचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा द्यावी, आणि वाड्यावरच्या घोडीला शुल्क लावू नये. धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आषाढापासून आश्विनापर्यंत ते आपापल्या गावच्या रानात असतात. नोंदणीचे शिबिर तालुक्याच्या कचेरीत न भरविता त्या चार महिन्यांत, त्याच रानात भरवावे, आणि मापे घेणाऱ्याच्या शेजारी वाड्यातील एका जाणत्या बाईला बसवावे.