नाच कमरेचा, तालीम कानांची

1950 साली कैरोतल्या एका शाळकरी मुलाने बेली डान्स करणाऱ्या नर्तकी तहिया कारिओका यांचा नाच पहिल्यांदा समोर बसून पाहिला. मुलाचं नाव एडवर्ड सईद. पुढे जगभर गाजलेल्या या विद्वानाने चाळीस वर्षांनी कारिओकांवर निबंध लिहिला, तेव्हाही ती संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोर लख्ख होती. नाच सुमारे पाऊण तास चालला. त्यात उड्या नव्हत्या, धावपळ नव्हती. बहुतेक सगळं संथ, आणि तेही जवळजवळ एकाच जागी. ही नर्तकी हवेत झेपावत नाही, उलट जमिनीत रुजत जाते, असं सईद यांना वाटलं. या कलेचं मोल किती हललं यावर ठरत नाही, किती कमी हललं यावर ठरतं, हा त्यांचा निष्कर्ष.

बेली डान्स म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना ‘शोले’मधली हेलन आठवते, नव्या पिढीला नोरा फतेही. झगमगता पोशाख आणि गरागरा फिरणारी कंबर, एवढंच चित्र मनात असतं. मुंबई-पुण्यात या नाचाचे वर्ग चालतात, आणि तिथे येणाऱ्या नव्या मुलीही हेच चित्र घेऊन येतात. म्हणून पहिल्या महिन्यात त्या खूप हलतात, दमतात, आणि आरशात मात्र मनासारखं काहीच दिसत नाही.

मुळात ‘बेली डान्स’ हे नावच परक्यांनी दिलेलं. फ्रेंच लोकांनी त्याला पोटाचा नाच म्हटलं, 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर इंग्रजी नाव अमेरिकेत पसरलं. इजिप्तमध्ये याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. ‘रक्स’ हा शब्द उर्दू गझलांमुळे आपल्या कानांवरून गेलेला असतो. लग्नात, अंगणात, बायकाबायकांच्या बैठकीत आजीपासून नातीपर्यंत सगळ्या नाचतात तो रक्स बलदी, आपल्या मातीतला. या घरच्या नाचाला रंगमंचाचं रूप मिळण्यात बदिया मसाबनी यांचा वाटा मोठा. त्यांनी 1926 साली कैरोत आपलं मनोरंजनगृह उघडलं. तहिया कारिओका आणि सामिया गमाल तिथेच घडल्या.

सरावाची सुरुवात मात्र कमरेपासून होत नाही, उभं राहण्यापासून होते. पावलं जवळजवळ, गुडघे किंचित सैल, माकडहाड जमिनीकडे, छाती वर उचललेली पण बरगड्या पुढे न काढलेल्या. गुडघे ताठ कुलूपबंद झाले की ओटीपोटाच्या हाडांना मोकळीक उरत नाही आणि सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येतो. वर्ग सुरू केल्यावर ‘कंबर धरली’ अशी तक्रार येते तिच्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. पोट आत ओढून, श्वास रोखून नाचणं ही दुसरी चूक. श्वास थांबला की खांदे कानांकडे चढतात, आणि मग हात कितीही सुंदर फिरवले तरी अंग लाकडी दिसतं.

शिमी, म्हणजे कमरेची ती न थांबणारी थरथर, हा सगळ्यांच्या उत्सुकतेचा भाग. ही थरथर कमरेतून काढायला गेलं तर पाच मिनिटांत मांड्या दगड होतात. ती येते गुडघ्यांतून: एक वाकतो, दुसरा सरळ होतो, आणि वर कंबर आपसूक हलते. सुरुवात मुंगीच्या पावलाने करावी. एका मात्रेला एक हालचाल, मग दोन, मग चार. वेग वाढवताना हालचाल अडखळली की लगेच एक पायरी खाली यावं. घाईने कमावलेली शिमी मंचावर पहिल्या मिनिटातच तुटते. ती जमली की तिच्यासकट चालायला शिकावं, मग तिच्यावर छातीची संथ वर्तुळं चढवावीत. इंग्रजी आठच्या आकड्यात फिरणारी कंबर, खाली टाकलेला ठोका, पोटातून उठणारी लाट, या सगळ्यांना हाच नियम लागू: एक अवयव हलताना बाकीचं अंग शांत राहिलं पाहिजे. शांत राहणं हाच इथला सर्वांत अवघड रियाज आहे.

आणि तरीही हा निम्माच अभ्यास झाला. उरलेला निम्मा कानांचा, आणि बहुतेक जणी तोच टाळतात.

इजिप्तच्या लोकांचा ‘तबला’ आपल्या तबल्याहून वेगळा. पेल्याच्या आकाराचं ते एकतोंडी वाद्य मांडीवर आडवं ठेवून वाजवतात. मध्यावर पडलेली खोल थाप म्हणजे दुम, कडेवरची टणक थाप म्हणजे तक. चार मात्रांचा मक्सूम हा ताल असा बोलतो: दुम तक, तक दुम तक. बलदी म्हणतो: दुम दुम, तक दुम तक. वरच्या इजिप्तचा, म्हणजे देशाच्या दक्षिणेकडचा, सईदी म्हणतो: दुम तक, दुम दुम तक. ठोके पाचच, पण दुमची जागा बदलली की अंगाचं वजन पडण्याची जागा बदलते आणि नाचाचा स्वभावच पालटतो. सईदीवर काठी घेऊन ठसक्यात नाचतात, कारण त्याचं नातं तहतीब या लाठीच्या खेळाशी आहे. 2016 साली युनेस्कोने तहतीबची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. दोन मात्रांचा धावता मलफूफ मंचावर येताना आणि जाताना कामी येतो.

कथक शिकणारी मुलगी तुकडा नाचण्याआधी पढंत करते. तोच शहाणपणा इथेही उपयोगी पडतो. आधी बोल तोंडाने म्हणावेत, मग टाळीने, मग चालत, आणि शेवटी कमरेने. बोटांत अडकवायच्या पितळी झांजांना सागात म्हणतात. त्यांचा सराव उजवा-डावा-उजवा अशा सोप्या चालीने, घरात फिरता फिरता करावा. आवाजाने शेजारी वैतागत असतील तर झांजांवर लहान बाळाचे मोजे चढवावेत.

ताल समजला की बाकीची वाद्यं वेगळी ऐकू येऊ लागतात. ‘नाय’ ही बासरी लांब, ओला सूर लावते, तिथे हात आणि लाटेसारखा देह शोभतो. कानून या तंतुवाद्याच्या तारा झिणझिणतात, तिथे बारीक शिमी. सगळी व्हायोलिनं एकदम उसळली की मंच ओलांडायचा. केवळ तबल्यावरच्या तुकड्यात तर नर्तकी आणि वादक यांचा संवाद असतो. फडावर ढोलकी आणि घुंगरांची जुगलबंदी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून एक व्यायाम प्रत्येकीने करून पाहावा. एक पूर्ण गाणं लावायचं आणि पाऊल न उचलता, एकाच जागी उभं राहून नाचायचं. पहिल्यांदा दीड मिनिटात सगळ्या चाली संपतात. तिथून खरं ऐकणं सुरू होतं.

बसवलेला नाच वाईट, असं मुळीच नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट म्हणून उतरलेल्या महमूद रेदा यांनी 1959 साली आपला नृत्यसंच उभा केला. इजिप्तच्या लोकनृत्यांना त्यांनी समूहाची शिस्त दिली आणि फरीदा फहमी यांच्यासारखी नर्तकी पुढे आणली. पण एकटीच्या नाचात वादक समोर असले की ते आज जे वाजवतील तेच नाचायचं असतं. काल घोकलेलं तिथे आडवं येतं.

गाण्याचा अर्थ माहीत नसताना त्यावर नाचू नये. सल्ला साधा आहे, पण तो सर्रास मोडला जातो. गायिका उम कुलसूम यांचं ‘इन्ता ओमरी’, म्हणजे ‘तू माझं आयुष्य’, 1964 साली आलं. संगीत मोहम्मद अब्देल वहाब यांचं. उम कुलसूम यांच्या गाण्यांवर नाचण्याची प्रथा रूढ करण्याचं श्रेय नर्तकी सुहेर झकी यांना दिलं जातं. हातातून निसटलेल्या वर्षांची हळहळ असलेल्या या गाण्यावर एखादी मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत दात दाखवत हसत राहते, तेव्हा अरबी जाणणारा प्रेक्षक अवघडून जातो. अर्थ विचारून घ्यायला अर्धा तास पुरतो.

कार्यक्रमाच्या दिवसाचे धडे अगदी व्यवहारी आहेत. मणी-टिकल्यांचा चोळी-पट्टा-घागऱ्याचा पोशाख पहिल्यांदा मंचावर घालू नये. त्यातच निदान दोन पूर्ण तालमी कराव्यात. पट्टा जड असतो आणि शिमीत घसरतो, म्हणून हुक असले तरी आतून सेफ्टीपिना हव्यातच. मंचावर आधी अनवाणी चालून पाहावं: कुठे खिळा, कुठे सांडलेले मणी, कुठे गुळगुळीत फरशी. संगीत दोन ठिकाणी ठेवावं. अंग तापवल्याशिवाय मागे वाकू नये, आणि टाळ्यांसाठी गुडघ्यांवर आदळण्याचा मोह तर कधीच धरू नये. ओढणी हातातून सुटली तर ती उचलायला वाकण्याची गरज नाही, संगीत पुढे गेलेलं असतं. प्रवेश केल्यावर पहिल्याच मिनिटात सगळं देऊन टाकू नये. आधी प्रेक्षकांकडे पाहावं, एक श्वास घ्यावा, पुढचा दुम येऊ द्यावा.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी वर्गाची फी भरण्याआधी सामिया गमाल आणि गायक-संगीतकार फरीद अल-अत्रश यांचा 1949 चा ‘अफ्रीता हानिम’ हा चित्रपट मिळवून पाहावा. त्यातला एक नाच निवडावा. एकदा आवाज बंद करून फक्त सामियांचे पाय पाहावेत, एकदा डोळे मिटून फक्त वाद्यं ऐकावीत. तिसऱ्या वेळी दोन्ही एकत्र.