बायोडेटातली दोन कोरी वर्षे

उमेदवाराचा अर्ज हातात आला की बँकेतल्या माणसाची नजर आधी गुणांकडे जात नाही, तारखांकडे जाते. पदवी १९९५ची, अर्ज १९९७चा; मग मधली दोन वर्षे गेली कुठे? कर्जदाराच्या खात्यातले न जुळणारे हप्ते खुपतात, तशीच ही वर्षे खुपतात. आमच्या बँकेच्या प्रसिद्धी विभागाला गृहपत्रिकेसाठी एक सहायक हवा होता आणि मी कथाबिथा लिहितो म्हणून मुलाखत मंडळातली तिसरी खुर्ची मला मिळाली होती.

तो मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा असावा. आम्ही त्याच्यापुढे एक मुद्रित टाकले. दहा मिनिटांत त्याने ते तपासून दिले. खुणा सगळ्या छापखान्यातल्या, समासात नेमक्या जागी. शिवाय तिसऱ्या पानावरच्या तारखेला रविवार येत नाही, सोमवार येतो, हेही दाखवले. हे पुस्तक वाचून येत नाही.

"कुठे शिकलात?" मी विचारले.

"एका नियतकालिकात, सर. दोन वर्षं."

"नाव?"

तो गप्प.

"पगार किती होता?"

"पगार नव्हता."

"मग संपादकाचा दाखला तरी?"

पुन्हा गप्प. अखेर खाली बघत म्हणाला, "नाव सांगितलं तर माझ्याबरोबर आणखी चार जण उघडे पडतील, सर. ते नोकरीवाले आहेत."

मंडळाच्या अध्यक्षांनी पेनाला टोपण लावले. नंतर चहाच्या वेळी 'काहीतरी भानगड दिसते' असा शेरा पडला. कुणाला ती राजकीय वाटली, कुणाला पोलिसातली. मी सही केली. त्याच्याहून कच्च्या तयारीचा एक उमेदवार आम्ही घेतला आणि पुढची सहा वर्षे गृहपत्रिकेची मुद्रिते मीच घरी नेऊन तपासत होतो. ती माझी शिक्षा म्हणा.

'चार जण उघडे पडतील' या वाक्याचा अर्थ लागायला मला बरीच वर्षे लागली. मुंबईत १९९० साली अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केले. स्वतः मुरलेले पत्रकार. १९८६मध्ये 'सॅव्ही' मासिकातल्या मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले होते. सुरुवातीला हे पत्र म्हणजे हातोहात फिरणारी वार्तापत्रिकाच होती. तो मुलगा तिथलाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या मुंबईत ज्याचे नाव मुलाखतीत सांगता येणार नाही अशी नियतकालिके कितीशी होती? तेव्हा कलम ३७७ कायम होते. संपादकाने स्वतःचे नाव छापणे ही त्याची हिंमत. पण मुद्रिते तपासणाऱ्या कारकुनाने, चित्रे काढणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे?

तेव्हापासून अशा पत्रांचा माग काढण्याचा मला छंदच लागला. त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट कारकुनी पेशातली आहे. १९४७ साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओत एक तरुण सेक्रेटरी होती. काम थोडे, आणि साहेबाची अट एकच: रिकामी दिसू नकोस. तिने कचेरीच्याच टाइपरायटरवर कार्बन कागद घालून 'व्हाइस व्हर्सा' नावाचा अंक टाइप करायला घेतला. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांसाठी, अमेरिकेतला तो पहिलाच. लेखक तीच, संपादक तीच, छापखानाही तीच! कार्बनच्या प्रती काढणाऱ्यांना ठाऊक असेल, पाचव्या-सहाव्या प्रतीनंतर अक्षर विझत जाते. म्हणून ती सगळा मजकूर दोनदा टाइप करी. जेमतेम डझनभर प्रती. टपालाने पाठवणे धोक्याचे, तेव्हा हातोहात वाटप. फेब्रुवारी १९४८पर्यंत नऊ अंक निघाले. पुढे लिहिताना तिने नाव घेतले लिसा बेन; 'लेस्बियन' शब्दाचीच अक्षरे उलटसुलट करून.

टोपणनावाचे आपल्याला नवल नको. १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आले ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि केवढे वादळ उठले! बाळूताई खरे यांनी ते नाव का घेतले, हे वेगळे सांगायला नको. कुसुमाग्रज किंवा ग्रेस यांची टोपणनावे ही आवडीची गोष्ट. विभावरींचे नाव हे चिलखत होते. लिसा बेनचेही तसेच.

पण एकटीने टाइप करणे वेगळे आणि दर आठवड्याला वृत्तपत्र काढणे वेगळे. नोकरीचा अनुभव म्हणतात तो दुसऱ्यात मिळतो. त्यासाठी बोस्टनला जावे लागते. तिथे १९७३च्या जूनमध्ये 'गे कम्युनिटी न्यूज' सुरू झाले; आधी चिटोऱ्याएवढी पत्रिका, मग साप्ताहिक. बायका आणि पुरुष दोघे मिळून ते चालवीत, निर्णय सामुदायिक, म्हणजे बैठका लांबलचक आणि भांडणे भरपूर. पगार नावापुरता. १९७८च्या सुमारास तिथे आलेल्या एमी हॉफमन यांनी त्या दिवसांवर २००७ साली एक आठवणींचे पुस्तक लिहिले. कार्यालय ब्रॉमफील्ड स्ट्रीटवरच्या जुनाट इमारतीत. शुक्रवारी संध्याकाळी ज्याला सवड असेल त्याने यायचे आणि अंकाच्या घड्या घालून ते साध्या पाकिटांत भरायचे. पाकीट साधे असणे महत्त्वाचे. पोस्टमनला, शेजाऱ्याला, घरमालकाला आत काय आहे हे कळता कामा नये.

मला त्या शुक्रवारच्या संध्याकाळी फार महत्त्वाच्या वाटतात. ज्याला लिहिता येत नव्हते त्यालाही दार उघडे होते ते तिथेच. घड्या घालता घालता ओळख, ओळखीतून 'या आठवड्यात कोर्टात एक खटला आहे, जाऊन येशील का?' आणि मग पहिली बातमी. वृत्तपत्रविद्येची पदवी कुणी मागत नसे. खटला ऐकून रात्री हजार शब्द लिहायचे, दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातले चारशे कापायचे, आणि उरलेल्या सहाशेंत नाव कुणाचे छापायचे व कुणाचे गाळायचे याचा विचार चारदा करायचा. मोठ्या दैनिकातल्या उमेदवाराला नाव चुकीचे छापले तर ओरडा बसतो. इथे नाव बरोबर छापले तरी एखाद्याची नोकरी जाऊ शकत होती. संपादनाचे यापेक्षा कडक शिक्षण कुठे मिळेल?

तुरुंगातल्या वाचकांना हे पत्र फुकट जाई, त्यांच्या पत्रांना उत्तरे जात. जुलै १९८२मध्ये कार्यालय आगीत खाक झाले. ती आग लावलेली होती. तरी साप्ताहिक पुढे दहा वर्षे, १९९२पर्यंत चालले.

तिथून कोण कोण निघाले पाहा. दिल्लीत जन्मलेली, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेली उर्वशी वैद कायदा शिकायला बोस्टनला होती, ती या पत्रात काम करी. पुढे १९८९मध्ये ती तिकडच्या राष्ट्रीय समलिंगी संघटनेची कार्यकारी संचालक झाली. २०२२मध्ये ती गेली. तिथलेच एक व्यवस्थापकीय संपादक रिचर्ड बर्न्स पुढे न्यूयॉर्कच्या समलिंगी केंद्राचे वीसहून अधिक वर्षे प्रमुख होते. मायकेल ब्रॉन्स्की समीक्षक आणि इतिहासकार झाले. पाकिटे भरणाऱ्यांतून संस्था चालवणारे निघतात हे बँकवाल्याला पटते. आमच्याकडेही कॅश मोजत मोजतच माणसे वर चढली.

सगळ्यांनाच तिथे राहायचे नसते, आणि त्यात गैर काही नाही. रँडी शिल्ट्स विद्यापीठातून १९७५मध्ये उत्तम रीतीने पास झाला, पण समलिंगी असल्याचे लपवत नसल्याने मोठ्या वृत्तपत्रांत दार उघडेना. तो 'अॅडव्होकेट' या समलिंगी पत्रासाठी बातम्या देत राहिला. १९८१मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'ने त्याला घेतले, आणि त्याच सुमारास एड्सच्या पहिल्या बातम्या आल्या. ज्यांच्यावर हे संकट कोसळत होते त्या वस्त्या, ती माणसे, त्यांच्या सवयी त्याला आधीच माहीत होत्या. १९८७चे त्याचे एड्सवरचे पुस्तक त्या ओळखीतून झाले. १९९४मध्ये त्याच आजाराने तो गेला, वय बेचाळीस. लहान पत्रातली ती वर्षे त्याच्या बायोडेटातून वगळली असती तर काय उरले असते?

आपल्याकडे 'बॉम्बे दोस्त'च्या मागून १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पैशाअभावी २००२मध्ये अंक थांबला, २००९मध्ये पुन्हा निघाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि २००५मध्ये 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली, मराठीत, स्वतःच्या नावाने. मराठीत नियमित निघणारे असे पत्र मात्र माझ्या पाहण्यात आले नाही, आणि मला ती खरी उणीव वाटते. जाहिरातदार येत नाहीत हे कारण आहेच. पण हाताखाली शिकवणारे कुणी नसते, हे त्याहून मोठे.

गेल्या महिन्यात माझी भाची घरी आली, मुलाचा बायोडेटा घेऊन. 'अनुभव' या मथळ्याखाली पहिल्याच ओळीत त्याने अशा एका नियतकालिकाचे नाव लिहिले होते, दीड वर्ष, उपसंपादन, आणि खाली संपादकाचा फोन नंबर.

"मामा, तुम्ही बँकेत इतक्या मुलाखती घेतल्यात," ती म्हणाली. "त्याला जरा सांगा ना, ही ओळख काढून टाक म्हणावं. २०१८ला कोर्टानं काहीही म्हटलं असेल, पण समोर बसणारी माणसं तीच असतात की नाही?"

तिची भीती खोटी नव्हती. समोर बसणारा माणूस मी होतो. ते तिला कसे सांगावे हे मला सुचेना, तेव्हा मी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. मुलाने 'उपसंपादन'चे इंग्रजी स्पेलिंग चुकवले होते.

"ओळ राहू दे," मी म्हटले, "आधी हे दुरुस्त करायला सांग."

भाची चहा न घेताच गेली. मुलाचा अजून फोन आलेला नाही.