एका अंकाचा फरक

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचे साल आरंभी शके ७८२ असे वाचले गेले. पुढे शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा पाठ मान्य झाला. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. या मंदिराविषयीची जुनी मराठी पुस्तके संगणकाकडून वाचून घेताना मलाही असाच एक अंक आडवा आला.

बदलापूरच्या घरी उल्हासनगरातून घेतलेला जुना संगणक आहे. त्यावर उबुंटू १६.०४ ही लिनक्स प्रणाली. पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसेरॅक्टची चौथी आवृत्ती २०१८ साली आली. ती मी मूळ कोडवरून बांधायला घेतली. काम अडले. चित्रावर आधीचे संस्कार करणारी लेप्टोनिका ही लायब्ररी किमान १.७४ हवी होती. प्रणालीसोबतची होती १.७३.

मी घाईने जुनी लायब्ररी काढून टाकली. सोबत काय काय जाईल याची यादी पडद्यावर आली होती. न वाचताच ‘हो’ म्हटले. तिच्यावर विसंबलेला, चालू असलेला जुना टेसेरॅक्टही गेला. पुस्तकांची पाने हात लावताच तुटत होती आणि काम ठप्प.

मग जुनी परत बसवली आणि नवी माझ्या स्वतःच्या फोल्डरात बांधली. तरी तक्रार तीच! कारण नवी लायब्ररी संगणकात असणे वेगळे आणि ती बांधणीला दिसणे वेगळे. ‘पीकेजी-कॉन्फिग’ला लेप्टोनिकाची आवृत्ती विचारली, तर उत्तर १.७३. त्याच्या शोधमार्गात माझा फोल्डर आधी घातला, तेव्हा १.७४ दिसली आणि बांधणी पार पडली.

मात्र प्रोग्राम चालताना लायब्ररीचा शोध पुन्हा, स्वतंत्रपणे होतो. दोन्ही आवृत्त्यांच्या फाइलचे नाव एकच असल्याने तेथे जुनी उचलली जाऊ शकते. म्हणून ‘एलडीडी’ ही आज्ञा देऊन कोणत्या फोल्डरातली लायब्ररी घेतली जाते ते पाहावे. टेसेरॅक्टला त्याची आवृत्ती विचारली, की तो लेप्टोनिकाचीही सांगतो.

तात्पर्य, काही काढण्याआधी यंत्र नेमके काय पाहते आहे ते विचारावे: एकदा बांधताना, एकदा चालवताना. आता पाने वाचली जात आहेत. सनावळीचे अंक मात्र मी अजून डोळ्यांनीच ताडून पाहतो.