साडेसत्तावीस इंचांचा वाद

2016 च्या जानेवारीत, 22 ते 24 तारखांच्या हिमवादळानंतर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आकडा जाहीर झाला : 26.8 इंच. त्याआधीचा विक्रम फेब्रुवारी 2006 चा, 26.9 इंचांचा. एका दशांशानं विक्रम हुकला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे हवामानवेडे पेटून उठले. तीन महिन्यांनी राष्ट्रीय हवामान सेवेनं नेमलेल्या समितीनं निष्कर्ष दिला, की निरीक्षकाकडून कार्यालयाकडे आकडा पोचताना गफलत झाली होती. खरा बर्फ 27.5 इंच, म्हणजे विक्रम मोडला होता. शेजारच्या नेवार्क विमानतळाचा 28.1 इंच हा आकडा मात्र रद्द झाला, कारण तिथली मोजणी नियमाला धरून नव्हती. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर तर मोजायची फळीच बर्फाखाली हरवली होती. तिथं 17.8 इंच नोंदले गेले, तर चाळीसेक किलोमीटरवरच्या डलेस विमानतळावर 29.3. समितीनं तो 17.8 चा आकडा ग्राह्य धरला. तो आजही कित्येकांना पटत नाही.

एवढ्या तेवढ्या दशांशांवरून ही माणसं का भांडतात? आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला 26 जुलै 2005 आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्यात जेमतेम 73. ‘मुंबईत किती पडला?’ या प्रश्नाला एक उत्तरच नाही. बर्फाचं याहून अवघड, कारण पाऊस नळीत साठतो आणि बर्फ उडतो, दबतो, वितळतो.

न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त इंजिनिअर काका अशा मोजणाऱ्यांपैकी. मागच्या अंगणात, भिंतीपासून आणि झाडांपासून लांब, त्यांनी दीड-दोन फुटांची पांढरी रंगवलेली प्लायवूडची फळी ठेवलेली असते. शेजारी खूण म्हणून एक उंच काठी. बर्फ पडायला लागला की काका टोपी-हातमोजे चढवून बाहेर येतात, दशांश इंचांच्या खुणा असलेली पट्टी फळीपर्यंत उभी खुपसतात, आकडा वहीत लिहितात आणि फळी पुसून नव्या बर्फावर ठेवतात. पण चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा पुसायची नाही, म्हणजे सहा तासांतून एकदा, हा नियम. दर तासाला पुसली तर बर्फाला स्वतःच्या वजनानं दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. एकदाही पुसली नाही तर उलटं. काकू खिडकीतून हाक मारतात, “अहो, चहा निवतोय!” काका म्हणतात, “आलोच, वाजू देत सात.” काकांसारखे हजारो स्वयंसेवक देशभर ‘कोकोराझ’ नावाच्या जाळ्यात नोंदी पाठवतात. 1997 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला अचानक पूर आला. गावाच्या एका भागात ढग फुटल्यासारखा पाऊस आणि दुसऱ्या भागात किरकोळ, हे वेळीच कोणाला कळलं नाही. त्यातून पुढच्या वर्षी हे जाळं उभं राहिलं. अशा फळ्या नसत्या, तर विमानतळांच्या मधल्या प्रदेशात काय घडलं ते कायमचं हरवलं असतं.

या किनारी वादळांना तिकडे ‘नॉरईस्टर’ म्हणतात, कारण किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो. त्यांचं गणित नाजूक असतं. पूर्व कॅनडावर थंड, जड हवेचा जास्त दाब हवा. ती हवा अ‍ॅपलाचियन डोंगररांगांच्या पूर्वेला दाबून बसते. समुद्रात काही अंतरावरून गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह वाहतो. या दोन टोकांच्या तापमानांच्या सीमेवर, बहुधा केप हॅटरसच्या आसपास, कमी दाबाचं केंद्र तयार होतं आणि उत्तरेकडे सरकता सरकता खोल होत जातं. चोवीस तासांत दाब 24 मिलिबार किंवा त्याहून जास्त उतरला, तर हवामानशास्त्रज्ञ त्या वादळाला ‘बॉम्ब’ म्हणतात. मग सगळा खेळ मार्गाचा. 40 अंश उत्तर अक्षांश आणि 70 अंश पश्चिम रेखांश जिथं छेदतात, त्या समुद्रातल्या बिंदूला हवामानवेडे ‘बेंचमार्क’ म्हणतात. केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर न्यूयॉर्क-बोस्टनला भरघोस बर्फ. किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्राची ऊब आत घुसते आणि शहरात नुसता पाऊस. फार बाहेरून गेलं तर सगळं माशांच्या वाट्याला. आणि निव्वळ बर्फ पडला म्हणून ‘ब्लिझर्ड’ होत नाही. ताशी 56 किलोमीटरचे वारे आणि पाव मैलाच्या आत आलेली दृश्यता, असं सलग तीन तास टिकावं लागतं.

तुलनेला बसलं की बोस्टनकर 1978 च्या पुढे काही ऐकून घेत नाहीत. त्या वर्षीच्या 6 आणि 7 फेब्रुवारीच्या वादळात तिथं 27.1 इंच पडला. 2003 च्या फेब्रुवारीत 27.6 इंच पडला, म्हणजे कागदावर 2003 वरचढ. तरी 2003 चं नाव काढलं तर कोणी मान वर करत नाही, आणि यात मला बोस्टनकरांचंच बरोबर वाटतं. 2003 चं वादळ प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीला आलं, लोक घरात होते. 1978 मध्ये सोमवारची सकाळ कोरडी उजाडली. बर्फ येणार म्हणाले होते, आला नाही, तेव्हा लोक कामावर गेले. उशिरा सुरू झालेला बर्फ दुपारपर्यंत असा कोसळू लागला की सगळे एकदम घराकडे निघाले. बोस्टनला वळसा घालणाऱ्या रूट 128 वर तीन हजारांवर मोटारी आणि पाचशे ट्रक जागच्या जागी गाडले गेले. समुद्राची भरतीही मोठी होती, आणि वादळ रेंगाळल्यामुळे एकामागून एक भरत्यांना वाऱ्याचा रेटा मिळत गेला. रॉकपोर्ट बंदरातली लाल रंगाची मासेमारीची खोपी, असंख्य चित्रकारांनी रंगवलेली म्हणून ‘मोटिफ नंबर वन’ नावानं ओळखली जाणारी, त्या लाटांत वाहून गेली. त्याच वर्षी ती जशीच्या तशी पुन्हा बांधली. गव्हर्नर मायकल डुकाकिस यांनी खासगी वाहनांना रस्त्यावर बंदी घातली. शंभराच्या आसपास माणसं गेली.

तरीही पॉल कोसिन आणि लुई उसेलिनी या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये मांडलेल्या श्रेणीत 1978 ला तिसराच वर्ग मिळतो. बर्फ किती, किती प्रदेशावर आणि तिथं किती माणसं राहतात, या तिन्हींचा हिशेब घालून ते एक ते पाच वर्ग देतात. त्यांच्या त्या मूळ हिशेबात पाचवा वर्ग दोघांनाच मिळाला, मार्च 1993 आणि जानेवारी 1996. जानेवारी 1996 मध्ये फिलाडेल्फियात 30.7 इंच पडला. मार्च 1993 चं वादळ फ्लोरिडापासून कॅनडापर्यंत पसरलं, टेनेसीतल्या माउंट लकाँटवर 56 इंच साचला, पण न्यूयॉर्कमध्ये मध्येच गारांसारखा बर्फकणांचा पाऊस लागला आणि सुमारे 10 इंचांवरच भागलं. तेव्हा 1993 ला शतकातलं वादळ म्हणायला न्यूयॉर्ककर का कुरकुरतो, हे समजण्यासारखं आहे.

या दोघा शास्त्रज्ञांना कामाला लावणारं वादळ वेगळंच होतं. 18 आणि 19 फेब्रुवारी 1979 ला वॉशिंग्टनमध्ये 18.7 इंच बर्फ पडला, आणि अंदाज होता त्याच्या अगदी अंशाचा. त्या दिवसांत शेतमालाच्या भावासाठी देशभरातले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीत ठाण मांडून बसले होते. शहर गाडलं गेल्यावर त्याच ट्रॅक्टरांनी रस्ते मोकळे करायला आणि डॉक्टर-नर्सना इस्पितळात पोचवायला मदत केली. अंदाज का चुकला, याचा पुढची कित्येक वर्षं कसून अभ्यास झाला. 1993 चं वादळ पाच दिवस आधी सांगता आलं, त्यामागे या अभ्यासाचा आणि सुधारलेल्या संगणकीय प्रारूपांचा मोठा हात आहे.

म्हणून काही प्रश्न संपला नाही. 26 जानेवारी 2015 ला न्यूयॉर्कसाठी दोन फुटांचा अंदाज होता. इतिहासात पहिल्यांदा बर्फासाठी भुयारी रेल्वे बंद केली गेली. मॅनहॅटनमध्ये पडला 9.8 इंच. त्याच वेळी लाँग आयलंडवरच्या आयस्लिपमध्ये 24.9 आणि मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरमध्ये 34.5. वादळ ठरल्या मार्गापेक्षा थोडं पूर्वेला सरकलं, एवढंच. एका अंदाजकर्त्यानं जाहीर माफी मागितली, जी मागायची गरज नव्हती असं माझं ठाम मत आहे. दोन फूट पडले होते, फक्त थोडं पूर्वेला.

अलीकडे हिवाळे रोडावले. 2022-23 च्या सबंध हिवाळ्यात सेंट्रल पार्कमध्ये 2.3 इंच पडला, तिथल्या नोंदींतला नीचांक. एका दिवसात इंचभर बर्फ पाहायला न्यूयॉर्कला 701 दिवस थांबावं लागलं, तो 16 जानेवारी 2024 ला आला. अशा कोरड्या महिन्यांत काका आणि त्यांचे मित्र जुन्या नोंदींत शिरतात आणि गाडी मार्च 1888 च्या हिमवादळावर येऊन थांबते.

मला विचाराल, तर सगळ्यांत वरचा मान त्याचाच. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा पडला 21 इंचच, म्हणजे आजच्या यादीत पहिल्या तिघांतही नाही. सॅराटोगा स्प्रिंग्जला मात्र 58. शनिवारी, 10 मार्चला हवा वसंतासारखी होती, रविवारी पाऊस आला, मध्यरात्रीनंतर त्याचा बर्फ झाला. वादळ न्यू इंग्लंडच्या दक्षिणेला थबकून बसलं. उंच खांबांवरच्या गाड्या प्रवाशांसकट अडकल्या, तारांचे खांब कोसळले, चारशेच्या वर माणसं मेली, त्यांतली निम्मी एकट्या न्यूयॉर्कची. माजी सिनेटर रॉस्को काँकलिंग वॉल स्ट्रीटहून चालत निघाले, युनियन स्क्वेअरमध्ये कोसळले आणि आजारपणात महिनाभरानं वारले. त्यानंतर तारा जमिनीखाली न्यायचा तगादा वाढला, रेल्वे जमिनीखाली नेण्याच्या मागणीला बळ आलं. बोस्टनची भुयारी गाडी 1897 ला सुरू झाली, न्यूयॉर्कची 1904 ला. आणखी कोणत्याही वादळानं शहराचं पोटच असं बदललेलं नाही.