निष्कासन-स्थगिती, महासाथकालीन

महासाथीच्या काळात भाडे थकल्याच्या कारणावरून भाडेकरूस राहत्या जागेतून बाहेर काढण्यास शासनाने ठराविक मुदतीपुरती केलेली मनाई. भाडेकरूकडून जागेचा ताबा कायदेशीर मार्गाने परत घेण्याच्या क्रियेस निष्कासन म्हणतात. कोविड-१९ च्या महासाथीत अनेक देशांनी असे निर्बंध घातले. त्यांपैकी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निर्बंध (२०२०–२१) आणि त्यांवरील न्यायालयीन वाद विशेष महत्त्वाचे होत. स्थगितीमुळे ताबा घेणे लांबणीवर पडते. भाड्याचे ऋण मात्र नाहीसे होत नाही. त्यामुळे ते ऋण अखेर कोणी सोसावयाचे, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

पार्श्वभूमी व तरतुदी : अमेरिकेत घरमालक व भाडेकरू यांचे संबंध प्रामुख्याने घटक राज्यांच्या कायद्यांनी नियंत्रित होतात. मार्च २०२० मध्ये उद्योगधंदे बंद पडून बेकारी वाढली, तेव्हा अनेक राज्यांनी व शहरांनी निष्कासनाचे दावे थांबविले. घराबाहेर पडलेली कुटुंबे नातलगांकडे किंवा निवाऱ्यांत दाटीने राहू लागल्यास संसर्ग वाढेल, हे त्यामागील आरोग्यविषयक कारण होते. २७ मार्च २०२० रोजी अंमलात आलेल्या केअर्स अधिनियमाने संघीय साहाय्य किंवा संघीय पाठबळाचे गहाणकर्ज असलेल्या इमारतींपुरती १२० दिवसांची स्थगिती दिली. ती २४ जुलै रोजी संपली. घरमालकाचे कर्ज कोणत्या प्रकारचे आहे, हे भाडेकरूस सहसा ठाऊक नसल्याने या संरक्षणाचा लाभ घेणे कठीण होते.

४ सप्टेंबर २०२० पासून रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रे या संघीय संस्थेने १९४४ च्या सार्वजनिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या आधारे देशव्यापी आदेश लागू केला. त्यासाठी भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक होते : वार्षिक उत्पन्न ९९,००० डॉलरपेक्षा (संयुक्त विवरण भरणाऱ्या दांपत्याच्या बाबतीत १,९८,००० डॉलरपेक्षा) अधिक नसावे, उत्पन्न घटल्याने किंवा मोठ्या वैद्यकीय खर्चामुळे पूर्ण भाडे देणे अशक्य व्हावे, शासकीय मदत मिळविण्याचा व शक्य तितके भाडे भरण्याचा प्रयत्न केलेला असावा, इत्यादी. जागेची नासधूस, गुन्हेगारी कृत्ये यांसारख्या अन्य कारणांवरून निष्कासन करण्यास आड येईल असे त्यात काही नव्हते. या आदेशाची मुदत टप्प्याटप्प्याने ३१ जुलै २०२१ पर्यंत वाढविण्यात आली.

परिणाम : भाडेकरूंना निवारा व काम शोधण्यास अवधी मिळाला आणि दाव्याची नोंद टळली. अशी नोंद एकदा झाली की पुढे दुसरे घर मिळणे अवघड होते. परंतु दरमहा थकबाकी साचत गेली. आदेशात विलंबशुल्क व व्याज आकारण्यास मनाई नव्हती. ज्यांनी प्रतिज्ञापत्र दिले नाही किंवा ज्यांना त्याची माहितीच नव्हती, त्यांना संरक्षण मिळाले नाही.

घरमालकांच्या बाबतीत उत्पन्न थांबले, तरी गहाणकर्जाचे हप्ते, मालमत्ता कर, विमा व दुरुस्ती यांचा खर्च चालूच राहिला. मोठ्या कंपन्यांना अनेक इमारतींच्या उत्पन्नातून तूट भरून काढता येई. एकदोन घरे भाड्याने देणाऱ्या लहान मालकास ते शक्य नव्हते. केअर्स अधिनियमातील कर्जफेडीची सवलत संघीय पाठबळाच्या कर्जांपुरती होती.

भाडेसाहाय्य : ही कोंडी फोडण्यासाठी काँग्रेसने डिसेंबर २०२० मध्ये २,५०० कोटी व मार्च २०२१ मध्ये सु. २,१५५ कोटी डॉलरची तरतूद केली. ही रक्कम सामान्यतः थेट घरमालकास मिळून भाडेकरूची थकबाकी फिटावयाची होती. तथापि वाटप राज्ये व स्थानिक संस्थांकडे होते. नवी कार्यालयीन यंत्रणा उभारणे आणि कागदपत्रांची छाननी यांत वेळ गेला. जुलै २०२१ अखेर एकूण निधीपैकी केवळ सु. ११ टक्के रक्कम वाटली गेली होती.

न्यायालयीन निर्णय : २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी आदेश तूर्त चालू ठेवला. बहुमतातील न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांच्या मते संस्थेने अधिकाराचे उल्लंघन केले होते; परंतु उरलेल्या काही आठवड्यांत भाडेसाहाय्याचे वाटप सुरळीत होऊ शकेल, म्हणून त्यांनी हस्तक्षेप टाळला. ३ ऑगस्ट रोजी अधिक संसर्गाच्या काउंटींपुरता नवा आदेश निघाला. तो २६ ऑगस्ट रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी निष्प्रभ ठरला. धुरी देणे, निर्जंतुकीकरण यांसारख्या उपायांचा उल्लेख करणाऱ्या कलमातून एवढा व्यापक अधिकार निघत नाही, त्यासाठी काँग्रेसचा स्पष्ट कायदा हवा, असे बहुमताने ठरविले. अनेक घरमालक बेताच्या परिस्थितीतील असल्याचीही नोंद घेतली. वाढता संसर्ग पाहता लोकहित स्थगितीच्या बाजूने आहे, असे अल्पमतातील न्यायमूर्तींचे म्हणणे होते.

भारतातील स्थिती : केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियमान्वये कामगारांकडून एक महिना भाडे न मागण्याचा आणि मजूर व विद्यार्थी यांना जागा सोडण्यास भाग पाडणाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र शासनाच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल रोजी भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना केली. महाराष्ट्रातील भाडेनियंत्रणाच्या परंपरेहून या उपायांचे स्वरूप भिन्न होते. मुंबईचा १९४७ चा भाडे अधिनियम व त्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हे भाडे देणाऱ्या किंवा देण्यास तयार असलेल्या भाडेकरूस संरक्षण देतात. महासाथकालीन स्थगिती भाडे देऊ न शकणाऱ्यासाठी होती.

केवळ मनाईने आपत्तीचा भार भाडेकरूकडून घरमालकाकडे सरकतो व थकबाकीच्या रूपाने पुन्हा भाडेकरूकडे परततो. सार्वजनिक निधी वेळेवर पोहोचला, तरच तो भार समाजात विभागला जातो, असे या अनुभवावरून दिसून येते.