स्वल्पविराम : मराठीतील आणि इंग्रजीतील

मोडी लिपीतील जुनी कागदपत्रे पाहिल्यास त्यांत शब्द सलग लिहिलेले दिसतात. विरामचिन्हे आढळत नाहीत. पोथ्यांमध्ये दंडाचा वापर होई, परंतु स्वल्पविराम नव्हता. मुद्रणाच्या काळात इंग्रजीच्या संपर्कातून तो मराठीत आला. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहून या चिन्हांचा परिचय करून दिला. चिन्ह इंग्रजीकडून आले, तरी दोन्ही भाषांची वाक्यरचना भिन्न असल्याने त्याचे कार्य सर्वत्र सारखे नाही.

समान नियम

१. एकाच प्रकारचे अनेक शब्द लागोपाठ आल्यास : ‘तासगाव, पलूस, विटा आणि जत येथून विद्यार्थी आले.’ मराठीत ‘आणि’पूर्वी स्वल्पविराम देत नाहीत, इंग्रजीत ‘अँड’पूर्वी तो काही लेखक देतात, काही देत नाहीत.

२. संबोधनानंतर : ‘दादा, काका आले.’ येथे दादांना काका आल्याचे सांगितले आहे. ‘दादा काका आले’ असे लिहिल्यास दोघेही आले, असा अर्थ होऊ शकतो.

३. कर्ता व क्रियापद यांची अकारण ताटातूट करू नये. ‘कृष्णा नदी, सांगली शहराजवळून वाहते’ हे लेखन सदोष आहे. बोलताना आपण कर्त्यानंतर क्षणभर थांबतो. पण प्रत्येक थांबा म्हणजे स्वल्पविराम नव्हे. हा नियम इंग्रजीतही लागू आहे.

भेद कोठे पडतो?

पुढील वाक्य पाहा : ‘ज्या बागायतदारांनी विमा उतरवला होता, त्यांना भरपाई मिळाली.’ विमा न उतरवलेल्यांना ती मिळाली नाही, हे येथे सूचित आहे. हा अर्थ ‘ज्या–त्यांना’ या जोडीने येतो; स्वल्पविराम केवळ गौण व मुख्य वाक्यांची सीमा दाखवतो. तो गाळला तरी अर्थ बदलत नाही.

इंग्रजीत मात्र अर्थ स्वल्पविरामावरच अवलंबून असतो. ‘द ग्रोअर्स हू हॅड इन्शुअर्ड देअर क्रॉप वेअर पेड’ याचा अर्थ वरीलप्रमाणेच आहे. परंतु ‘द ग्रोअर्स, हू हॅड इन्शुअर्ड देअर क्रॉप, वेअर पेड’ असे लिहिताच सर्वच बागायतदारांनी विमा उतरवला होता व सर्वांनाच भरपाई मिळाली, असा अर्थ होतो. मराठीच्या सवयीने दिलेल्या दोन स्वल्पविरामांमुळे अशा प्रकारे एखाद्या अर्जाचा वा करारपत्राचा आशय पालटू शकतो.

याउलट, इंग्रजी वळणाचा स्वल्पविराम मराठीत कृत्रिम वाटतो. ‘यशवंतराव चव्हाण, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, देवराष्ट्रे येथे जन्मले’ ही रचना इंग्रजी धाटणीची आहे. मराठीत विशेषण आधी येते : ‘महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे येथे झाला.’ येथे स्वल्पविरामाची गरजच उरत नाही.

सारांश, स्वल्पविराम देण्यापूर्वी श्वासाचा नव्हे, तर वाक्यातील संबंधांचा विचार करावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘मिरजेतील कारागीर, तंतुवाद्ये बनवतात.’ यातील स्वल्पविराम योग्य आहे काय? कारण द्या.

२. ‘ज्या विद्यार्थ्यांनी शुल्क भरले, त्यांना पुस्तके मिळाली.’ या वाक्याचे इंग्रजी भाषांतर करताना स्वल्पविराम द्याल काय? का?