मिशनरी मातेचा संसार

लोकसेवेस वाहून घेतलेल्या पुरुषाचे चरित्र लिहिताना आपल्याकडील लेखक त्याच्या संसाराची वासलात बहुधा एका वाक्यात लावतात. पत्नीने साथ दिली, मुलांनी हालअपेष्टा सोसल्या, एवढे म्हटले की चरित्रकार मोकळा होतो. परंतु व्रत घेणारी जर स्वतः आईच असेल, तर काम इतक्यावर भागत नाही. तिच्या माघारी चूल कोणी पेटवावयाची, तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी कोणी बसावयाचे, हे प्रश्न रोज सकाळी नव्याने उभे राहतात. महाराष्ट्रात येऊन राहिलेल्या, आणि महाराष्ट्रातच जन्मलेल्या, काही मिशनरी मातांच्या संसाराकडे आम्ही प्रस्तुत लेखात याच दृष्टीने पाहणार आहो. धर्ममतांचा वाद येथे कर्तव्य नाही.

प्रथम परदेशातून आलेल्या मातांचा विचार करू. अमेरिकन मराठी मिशनचे आद्य मिशनरी गॉर्डन हॉल इ. स. १८१३ मध्ये मुंबईस उतरले. येथील हवा मुलांस मानवेना म्हणून त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. त्यांतील एक मूल जहाजावरच दगावले. आणि पुढल्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिककडील दौऱ्यात हॉलसाहेब पटकीने वारले. एका वर्षाच्या आत त्या माउलीने मूल व पती दोन्ही गमावले, आणि दोघांपैकी एकाचीही मूठमाती तिला मायदेशी करता आली नाही.

हा प्रसंग एकट्या हॉलबाईंचा नव्हे. हिंदुस्थानची हवा गोऱ्या मुलांस बाधते आणि येथे योग्य शिक्षण मिळत नाही, या समजुतीने मिशनरी कुटुंबे आपली मुले कोवळ्या वयातच सातासमुद्रापलीकडे आप्तांकडे किंवा वसतिगृहांत धाडीत. पत्र पोहोचावयास महिनेच्या महिने लागत. आई येथे दुसऱ्यांच्या मुलींस पाटीवर अक्षरे गिरवावयास शिकवी, आणि तिची स्वतःची मुलगी तिकडे कोणाच्या तरी हाताखाली अक्षरे गिरवी! १९०१ मध्ये कोडाईकनालच्या डोंगरावर अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली, ती मुलांस या देशाबाहेर धाडणे टळावे म्हणूनच. तोवर दोन-तीन पिढ्या ताटातुटीत गेल्या होत्या. तरीही या मुलांपैकी कित्येकजण मोठेपणी याच भूमीकडे परतले, हे नवल होय. भायखळ्यास १८४७ मध्ये जन्मलेले रॉबर्ट ॲलन ह्यूम वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर अमेरिकेस गेले आणि १८७४ मध्ये परत येऊन अहमदनगरास दीर्घकाळ राहिले. त्यांचे मुंबईत जन्मलेले पुतणे रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर १९२१ मध्ये प्रसिद्ध केले, हे आमच्या वाचकांस विशेष वाटेल.

या परदेशी मातेला चाकरमाणसे मिळत. नव्हती ती सासू, जाऊ, नणंद. मूल घटकाभर ज्यांच्या ओटीत निर्धास्तपणे टाकावे, असे आपले माणूस तिच्या बंगल्यात नसे. आपल्या एकत्र कुटुंबाच्या घरात जे न मागता मिळते, तेच तिला मोलाने मिळत नव्हते.

आता आपल्याच घरांतून गेलेल्या मातांकडे वळू. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या तेव्हा कन्या मनोरमा अवघी दहा महिन्यांची होती. पुढल्या वर्षी त्या तिला घेऊन इंग्लंडात गेल्या. तेथे माता चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत व शिकवीत असता कन्या वाँटेजच्या मठातील भगिनींजवळ राहिली. मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यावे, यावरून रमाबाईंचे व त्या भगिनींचे पत्रांतून तीव्र मतभेद झाले. रमाबाईंनी आपला मातृत्वाचा हक्क सोडला नाही. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेल्या. पुढे कामाचा व्याप वाढल्यावर मनोरमेस परत इंग्लंडात धाडावे लागले. म्हणजे देशातील विधवांसाठी आश्रयस्थान उभारावे, यासाठी झटणाऱ्या मातेला त्याच काळात आपले एकुलते अपत्य दुसऱ्यांच्या छायेत ठेवावे लागले.

१८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन निघाले आणि माय-लेकी पुनः एकत्र आल्या. परंतु त्यापुढे ही आई एकट्या मनोरमेची उरली नाही. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व शेकडो अनाथ मुली घेऊन परतल्या. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात एके काळी सुमारे २००० जणी राहत होत्या. दोन हजार माणसांचे दळण, पाणी, आजारपण आणि रुसवेफुगवे यांची कल्पना, ज्यांनी वीस माणसांचे घर चालविले आहे त्या गृहिणींसच येऊ शकेल! रमाबाईंनी शेती, विहिरी, तेलघाणी, हातमाग, दुभती जनावरे आणि छापखाना अशी कामे उभी केली आणि ती मुलींच्याच हाती दिली. मोठ्या मुली धाकट्यांस सांभाळीत. दुसऱ्या शब्दांत म्हणावयाचे तर, रक्ताचे नाते नसलेले एक अवाढव्य एकत्र कुटुंबच त्यांनी निर्माण केले.

या कुटुंबात मनोरमाबाई मोठेपणी आईचा उजवा हात झाल्या. त्यांनी शारदा सदनाचा कारभार पाहिला, अंध मुलींस ब्रेल लिपी शिकविली आणि १९१३ च्या सुमारास निजामच्या मुलखात, गुलबर्ग्यास, मुलींची शाळा काढली. केडगाव, सोलापूर व गुलबर्गा ही एकाच लोहमार्गावरील गावे. आणि धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, निजामच्या राज्यात गुलबर्गा सुभ्यातच मोडत असे. आपल्या तुळजापूर-उमरग्याच्या शेजारच्या मुलखात मुलींच्या शिक्षणाचा हा दिवा एका मिशनरी मातेच्या मुलीने लावला, ही आठवण धाराशिवकरांनी जतन करावी. मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, निवर्तल्या. रमाबाई त्यानंतर अवघे आठ-नऊ महिने जगल्या.

लक्ष्मीबाई टिळकांचा संसार याहून निराळा. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंचा सल्ला कोणी घेतला नव्हता. मुलास घेऊन काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मग नगरास पतीजवळ आल्या, त्याही आपले सोवळे, पाणी व स्वयंपाक निराळा ठेवूनच. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने धर्मांतर केले. टिळकांचा हात सढळ. घरात आलेले पैसे कोणाच्या ना कोणाच्या गरजेस निघून जात आणि दुष्काळातील अनाथ मुले मात्र घरात येत. तेल-मिठाची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंकडे. त्यातच प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषाही त्यांनी केली. कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, काही काळ याच घरात राहिले व त्यांनाही या आईची माया लाभली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी हा सारा संसार ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात (१९३४-३६) सांगितला, आणि तोही हसत हसत. त्यागाचा डांगोरा त्यात कोठेही नाही.

या कथा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. जेथे आई एकटी पडली, तेथे सेवेची किंमत तिच्या मुलांनी भरली. जेथे तिच्याभोवती हात जोडले गेले, मग ते मुक्तिसदनातील थोरल्या मुलींचे असोत की टिळकांच्या गजबजलेल्या घरातले, तेथे सेवा व संसार कसेबसे तरी एकत्र नांदले. म्हणून सेवाव्रती मातेचा नुसता गौरव पुरेसा नाही. तिच्या घरच्या कामाचा वाटा कोणी उचलला, हेही विचारले पाहिजे.

आजही हा प्रश्न दूरचा नाही. धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ‘आशा’ कार्यकर्त्या काम करतात. २००५ साली सुरू झालेल्या या योजनेत गावची रहिवासी स्त्री, शक्य तो गावची सून, निवडली जाते. मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीस दवाखान्यात नेणारी ही स्त्री धर्माच्या अर्थाने मिशनरी नव्हे; पण तिची मुले त्या रात्री आईवाचून निजतात, हे तेच. सुशिक्षित घरांतील डॉक्टर, परिचारिका व शिक्षिका सुनांचीही हीच स्थिती आहे. ज्या घरात सासू, जाऊ, दीर आणि पतीही न सांगता चुलीपाशी उभे राहतात, त्या घराची सून निश्चिंत मनाने दुसऱ्याच्या दारी जाऊ शकते. एकत्र कुटुंबाची थोरवी आपण पुष्कळ सांगतो. तिची परीक्षा अशाच रात्री होते.